नातवाला गप्प करायचं इंग्रजी

मी रिसोडच्या बाजारात सोयाबीनची हर्रासी, म्हणजे लिलाव, पुकारतो. ढिगाभोवती व्यापारी, मागे ट्रॅक्टरची घरघर, त्या सगळ्यावरून आवाज जावा लागतो. आता तो घरातही तसाच निघतो. फोनवर तर जास्तच, कारण पलीकडचा माणूस लांब आहे हे डोक्यातून जात नाही.

पोरगी लग्नानंतर इंग्लंडात असते. तिच्या चार वर्षांच्या पोराला फक्त इंग्रजी समजतं. व्हिडिओवर मी "काय रे राजा!" म्हटलं की ते भोकाड पसरायचं आणि आईच्या मागे लपायचं.

बायको म्हणायची, "अवो, फोनमंदी हर्रासी करून राह्यले काय? भ्यालं ना लेकरू!"

मला राग यायचा. एकुलता एक नातू, त्यानं माझं तोंड पाहून रडावं? वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू. त्यानं एकदा तरी माझ्याशी बोलावं, एवढंच मागणं होतं.

शेजारची पोरगी कॉलेजात इंग्रजी शिकते. तिला म्हटलं, "रडतं पोरगं इंग्रजीत चूप कसं करतेत, थे शिकव मले."

तिनं शिकवलं. घाबरलेल्याला समजावताना काम डाउन, धिंगाणा थांबवायला सेटल डाउन, गलका झाला तर क्वाएट डाउन, दटावायचं असेल तर पाइप डाउन. वर म्हणाली, "शट अप नोका म्हनू काका, थे रागाचं हाये."

आपलं एका 'चूप'मध्ये भागतं. या लोकांना एवढा पसारा कशाला, देव जाणे! तरी पाठ केलं. पुढच्या रविवारी नातू रडायला लागताच मी सगळे 'डाउन' एका दमात पुकारले. पोरगं किंचाळत खोलीबाहेर पळालं. बायकोनं फोन हिसकावून घेतला.

मग सोयाबीनचा हंगाम आला. आवक एवढी, की माझा घसा पार बसला. पोरीचा फोन आला तेव्हा बायकोच बोलत होती, मी शेजारी नुसता बसलो. नातू हळूच आईच्या मागून निघाला. माझ्याकडे पाहत राहिला. मी ओठ हलवले. तो आणखी जवळ आला, नाक काचेला लागेल इतका, आणि म्हणाला, "स्पीक अप, आबा!"

हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी पोरीकडे पाहिलं.

"बाबा, मोठ्यानं बोला म्हणून राह्यला थो."

मी जीव तोडून तोंड उघडलं. नुसती हवा निघाली. डोळ्यांत पाणी आलं. नातू कानामागे हात धरून वाट पाहत होता.