चोरलेला अनंत

"चोर! चोर! धरा त्याला! अरे मेल्या, तिरकी काप! पेराच्या खाली!"

डहाणूत राहायला आलो त्या वर्षी शेजारच्या काकूंनी माझं असं स्वागत केलं. त्यांच्या अनंताची फांदी माझ्या हातात, दुसऱ्या हातात कात्री, आणि ती कात्रीही काकूंनीच सकाळी आठवणीने कुंपणावर ठेवलेली. आवाज असा, की गुजरात हद्दीवरच्या अच्छाडच्या तपासणी नाक्यावर ट्रकवाल्यांनी ब्रेक मारून कागदपत्रं बाहेर काढली असणार.

दिलेली फांदी रुजत नाही, चोरलेलीच रुजते, हे तुम्हीही ऐकलं असेल. काकूंनी त्याचा कायदाच केला होता. आधी सांगून ठेवायचं, मग चोरायला यायचं. त्या खिडकीत बसून ओरडणार आणि ओरडता ओरडता शिकवणार. "खालची पानं काढ! सावलीत लाव! आणि रोज उपटून बघू नकोस, ते काय चुलीवरचं वरण आहे?"

झुडूप माझ्या खांद्याएवढं; लोकांना मी ते कौलांपर्यंत सांगतो. पानं तेल लावून पुसल्यासारखी. फूल आज दुधासारखं, उद्या सायीसारखं पिवळट. आणि वास! शपथेवर सांगतो, बहर असला की गुजरातकडे जाणाऱ्या गाड्या डहाणूला जरा जास्तच रेंगाळायच्या. पण लाड किती! आमच्या विहिरीचं मचूळ पाणी त्याला चालेना, पानं पिवळी पडत. काकू गंजाडच्या दूधवाल्याकडून दुधाबरोबर गोड्या पाण्याचा कॅन मागवायच्या. वर अधूनमधून मुळाशी आंबट ताक. "आमच्या ह्यांनासुद्धा एवढं ताक मिळालं नाही हो," म्हणायच्या.

'हे' म्हणजे काका, रेल्वेत गार्ड. बायको सोडायला आली तर तिलाही प्लॅटफॉर्म तिकीट काढायला लावणारा माणूस. त्यांनी लग्नाच्या वर्षी घोलवडच्या कुणाच्या तरी वाडीतून ही फांदी मोडली आणि जेवणाच्या डब्यात घालून आणली. "सगळ्या जन्मात एकच चोरी केली त्यांनी," काकू सांगायच्या, "तीही माझ्यासाठी." एवढं बोलून खिडकीतून उठून जायच्या.

काका मी यायच्या आधीच गेलेले. पुढे घरमालकाने जागा विकली आणि काकूंना तलासरीला, मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जायची वेळ आली. एवढं जुनं झाड उपटून जगत नाही. त्यांनी भर उन्हाळ्यात फांद्या लावून पाहिल्या. एकही धरली नाही. जेसीबीने अनंत मुळासकट उचलला, त्या दिवशी काकू ओरडल्या नाहीत. मला त्यांची भीती वाटली ती तेव्हाच.

पावसाळ्यात त्या एसटीने आल्या. पिशवीत काकांचा डबा. माझ्या अंगणात त्याच अनंताचं पोर वाढत होतं.

"काकू, अख्खं झाड न्या," मी म्हटलं.

"दिलेलं नको. तू आत जा. दार लाव."

आत जाऊन खिडकीतून पाहत राहिलो. काकूंचा काप तिरका, पेराच्या खाली. आता ओरडायची पाळी माझी. माझ्या शिंकेने गल्लीतली कुत्री उठतात; पण 'चोर' म्हणालो ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

"मोठ्याने रे!" काकू फाटकातून खेकसल्या.

मग ओरडलो. अख्खी आळी बाहेर आली, आणि डबा छातीशी धरून काकू हळूहळू पळाल्या.

पाऊस ओसरता ओसरता फोन आला. "फुटलाय रे! दोन पानं! ह्यांचाच आहे, ह्यांचाच!" फोन नसता तरी डहाणूला ऐकू आलं असतं.

थंडीत काकू गेल्या. मी तलासरीला त्यांच्या मुलाला भेटायला गेलो. मुलगा सज्जन, चहा दिला, आईच्या दुखण्याचं सगळं सांगितलं. निघताना मी विचारलं, "गॅलरीत अनंताची कुंडी होती ना त्यांची?"

त्याने जरा आठवून पाहिलं.

"हां, ती होय. तिथे आता वॉशिंग मशीन ठेवलंय."