डिस्कवर बाबांना दिलेली आतली खोली

गिरणी बंद पडल्यावर बाबा मराठी टायपिंग शिकले आणि जोगेश्वरीच्या आमच्या दोन खोल्यांत लग्नपत्रिका करू लागले. फावल्या वेळात ते आपल्या आईच्या तोंडचे मालवणी शब्द अर्थासकट टाइप करून ठेवत. त्यांचं सॉफ्टवेअर फक्त जुन्या विंडोजवर चाले, तेही कॉम्प्युटरच्या मागे त्याची डाँगल नावाची चावी खोचलेली असेल तरच.

मला कॉलेजसाठी लिनक्स ही दुसरी सिस्टिम हवी होती. मी मोठी डिस्क आणली आणि दोन्ही सिस्टिम तिच्यावर टाकल्या. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना आतली खोली, पोरांनी दाराशी झोपायचं. डिस्कवरही मी तेच केलं. पुढे मी, मागच्या ऐसपैस जागेत बाबा. शहाणपणाचा कळस म्हणजे जुनी डिस्क पुसून मैत्रिणीला देऊनही टाकली.

माझं लिनक्स झकास सुरू झालं. बाबांचं विंडोज निवडलं की नुसती काळी स्क्रीन. लिनक्समधून त्यांच्या फायली उघडल्या, तर वेडीवाकडी चिन्हं. बाबा एवढंच म्हणाले, "आदी जेव गो." ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी कॉम्प्युटर रिक्षात घालून साकीनाक्याला एका रिपेअरवाल्या काकांकडे नेला. त्यांनी पाहिलं आणि हसले. "काही गेलं नाही गं. ही चिन्हं त्या सॉफ्टवेअरलाच कळतात. लोचा वेगळाच आहे. चालू करताना आधी बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो ना, तुझ्या मशीनचा तो म्हातारा झालाय. त्याला डिस्कचा पुढचाच भाग दिसतो. बाबांना तू पार मागे नेऊन ठेवलंस."

मग त्यांनी मलाच खुर्चीत बसवलं. बाबांचं विंडोज पुढे आणायचं, लिनक्सचा सुरू होण्यापुरता लहानसा भाग त्याच्या शेजारी ठेवायचा, बाकीचं मागे न्यायचं, सगळं माझ्या हातून करून घेतलं. आज मी हेच काम करून पोट भरते. त्या काकांचे उपकार मी विसरणार नाही.

घरी स्क्रीनवर शब्द उमटले. बाबा ते शेवटपर्यंत वाचत गेले. मी टेबल आवरायला घेतलं, तर पत्रिकांच्या नमुन्यांखाली एक नवी करकरीत वही सापडली. तिची पहिली वीसेक पानं भरलेली होती. बाबांनी सगळे शब्द पहिल्यापासून आठवून हाताने लिहायला घेतले होते.

"मला सांगितलं का नाही?"

"तुका वायट वाटला असता," ते म्हणाले.