आमची चार अक्षरांची एम.एस्सी.

हेमंत आणि मी भेटलो की सुरतचे दिवस निघतातच. बायको विचारते, "तुम्ही तिथे शिकलात कधी?" खरंच, डिग्री एकच मिळाली, किस्से मात्र पोतंभर!

नव्वदीची मधली वर्षं. आम्ही दोघं एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सला. देसाई सरांनी प्रोजेक्ट दिला, डीएनएच्या साखळ्यांची गणितानं तुलना करायची. बायोइन्फर्मेटिक्स हा शब्द तेव्हा सरांनाही एका दमात म्हणता येत नसे! आम्हाला एवढंच कळलं, की डीएनए म्हणजे ए, सी, जी, टी ही चारच अक्षरं, हजारो वेळा उलटसुलट.

*

पहिलाच प्रिंटआउट लावून आम्ही चहाला गेलो. येऊन बघतो तर प्रिंटर बंद! शेजारी शिपाई रतिलालकाका घाम पुसत उभे.

"बेटा, मशीन बगडी गयुं. चारच अक्षर छापे छे!"

*

बायॉलॉजी कच्चं, म्हणून सरांनी त्या तासाला बसवलं. मॅडमनी हेमंतला उभं केलं. "आईचं जनुक मुलाकडे कसं जातं?"

"विथ प्रॉबॅबिलिटी हाफ, मॅडम!"

"खाली बस. विथ प्रॉबॅबिलिटी वन!"

*

माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलीच्या वडिलांनी डीएनए एवढंच ऐकलं आणि मला डॉक्टर समजून शुगरचे चार रिपोर्ट पुढे केले. नाही म्हणायचं धाडस होईना. आकडे पाहिले नि म्हणालो, "सरासरी ठीक आहे, पण व्हेरियन्स फार आहे."

त्यांनी त्या दिवसापासून गोड सोडलं. मुलगी दिली!

*

शेवटचा आठवडा. एकाच जनुकाच्या दोन साखळ्या, एक माणसाची, एक उंदराची. पुस्तकातून हेमंत अक्षरं वाचायचा, मी टाइप करायचो. एकीखाली दुसरी छापली, तर तीन ओळी छान जुळल्या आणि पुढे काहीच जुळेना. सूत्र दहादा तपासलं. सर म्हणाले, "सोमवारपर्यंत जमलं नाही तर वर्ष गेलं समजा."

हेमंत कागद घेऊन भेस्तानला घरी गेला आणि जमिनीवर पसरून बसला. वडील लूमवरून आले. धुळ्याकडचा माणूस, साडीच्या कारखान्यात वीस वर्षं. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पोराचा उतरलेला चेहरा पाहून ते उकिडवे बसले, वरच्या-खालच्या ओळींवरून, विणलेल्या कापडाचे धागे तपासावेत तसं, बोट फिरवत गेले. चौथ्या ओळीवर बोट थांबलं.

"आठे एक तार सुटी गया. मंग पुढलं समदं सरकी गयं."

सकाळी पुस्तक उघडलं. नेमकं तिथलंच एक अक्षर टाइप करायचं राहिलं होतं! ते घातलं, आणि शेवटपर्यंत साखळी जुळली. आम्ही लॅबमध्ये एकमेकांना मिठ्या मारल्या.

सरांनी विचारलं, "चूक पकडली कुणी?"

"वडिलांनी, सर."

"अच्छा! कुठल्या युनिव्हर्सिटीत आहेत?"

"लूमवर आहेत, सर."

सरांनी प्रिंटआउट बाजूला ठेवला. मग कपाट उघडलं, आतून स्वतःच्या रिसर्च पेपरांची जाडजूड चळत काढली आणि हेमंतच्या हातात दिली.

"हे पण घरी घेऊन जा."