माथ्यावरचे पाच मुक्काम

दादाराव रोकडे मूळचे जुन्नरकडचे. रेल्वेत नोकरी लागली म्हणून लखनौला आले आणि आलमबागच्या क्वार्टरमध्ये त्यांची वीस वर्षं गेली. लहानपणी त्यांनी जुन्नरचे गड पायाखाली घातले होते आणि ते सांगायची एकही संधी ते सोडत नसत. लखनौत साधी टेकडीसुद्धा नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे.

त्यामुळे एकोणऐंशीच्या एप्रिलात थोरली मुलगी गीता जेव्हा म्हणाली की कॉलेजच्या आठ मुलींना मे महिन्यात अल्मोड्याच्या पुढे सहा दिवस पायी फिरायचंय, तेव्हा दादारावांनी जेवता जेवता ताट बाजूला सारलं. मुली पहिल्यांदाच जाणार होत्या. कोणत्या रात्री कुठे मुक्काम, हे नीट लिहून दिल्याशिवाय प्रिन्सिपल मॅडम परवानगी देणार नव्हत्या. सोमवारपर्यंतची मुदत होती.

दादारावांनी नकाशा मिळवला. वाटेच्या प्रत्येक वळणावर दोरा ठेवून अंतर मोजलं, चढाला दीडपट वेळ धरला आणि पाच रात्रींच्या पाच जागा ठरवल्या. पाचही माथ्यावर. सपाट जागा, मोकळी हवा, चहूकडे नजर. गुरुवारीच कागद मॅडमकडे पोचला आणि त्यांना तो पसंत पडला.

शनिवारी ऑफिसात दादारावांनी त्याची नक्कल सहकारी मधुसूदन पंतांसमोर ठेवली. पंत बागेश्वरचे, म्हणजे अल्मोड्याकडच्या डोंगरांतलेच, त्यामुळे त्यांची शाबासकी हवी होती. पंतांनी कागद दोनदा वाचला.

"रोकडे बाबू, पानी ऊपर कौन पहुँचाएगा?"

माथ्यावर टाकं असेलच, असं दादाराव म्हणाले. त्यांच्याकडच्या प्रत्येक गडावर खडकात खोदलेलं टाकं असे आणि उन्हाळ्यातही त्यात पाणी मिळे. पंत हसले.

"आपके पुरखे टंकी खोद गए. हमारे तो नीचे नौले पर जाते थे."

नौला म्हणजे झऱ्यावर बांधलेली दगडी विहीर, आणि ती उतारावर, बरीच खाली. मे महिना, आठ मुली आणि कोरडा माथा.

घरी त्यांनी गीताला सगळं सांगितलं. "बाबा, अब मैडम मना कर देंगी," एवढंच ती म्हणाली. कागद तसाच राहू द्या, असं मात्र तिनं म्हटलं नाही, आणि दादारावांना त्याचं बरं वाटलं.

रविवारी पंत घरी आले. दोघांनी पाचही मुक्काम खाली, पाण्याजवळ उतरवले. एखादा झरा आटलाच तर म्हणून प्रत्येक दिवसासाठी दुसरी जागा लिहिली. पहिल्या दिवसाची चाल निम्म्यावर आणली.

सोमवारी दादाराव मॅडमपुढे उभे राहिले. वाक्य त्यांनी सायकलवर येतानाच जुळवलं होतं.

"मैडम, मैं समझता था पहाड़ मुझे आता है. मेरा पहाड़ दूसरा है."

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवून सावकाश वाचले. आपली चूक सांगायला स्वतः येणारे पालक फारसे भेटत नाहीत, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. मग सही केली. अट एकच, तिकडचा जाणता माणूस मुलींबरोबर हवा.

बाहेर गीता खांबाला टेकून उभी होती. सही पाहून तिनं कागद आधी छातीशी धरला, मग विचारलं, "पंत चाचा से मैं पूछूँ?"

"मीच विचारतो," दादाराव म्हणाले. "रजेचे दोन अर्ज टाकावे लागतील. एक त्यांचा, एक माझा."