उलट फिरणारे दोन पंखे

१९७५च्या उन्हाळ्यात, एका रविवारी सकाळी, सोलापुरातल्या आमच्या दैनिकाच्या कार्यालयात एका कापड गिरणीतल्या फिटरने हेलिकॉप्टरच्या पंख्यांचा प्रयोग करून दाखवला. पाच माणसे हजर होती : संपादक, महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे एक प्राध्यापक, आमच्या छपाई खात्याचा फोरमन, स्वतः फिटर आणि मी. मी तेव्हा उपसंपादक होतो.

प्रयोगाचे कारण एक पोस्टकार्ड होते.

काही आठवड्यांपूर्वी टेलिप्रिंटरवर परदेशातल्या एका प्रायोगिक हेलिकॉप्टरची बातमी आली होती. त्याला एकाच आसावर, एकावर एक, असे दोन पंखे होते आणि ते एकमेकांच्या उलट फिरत. हेतू एकच, वेग वाढवणे. मी बातमी आठ ओळींत लावली. प्राध्यापक आमच्याकडे विज्ञानाचे साप्ताहिक सदर लिहीत. त्यांनी त्या आठवड्यात हाच विषय घेतला. पुरेसे ताकदीचे इंजिन मिळाले की एका पंख्याचे हेलिकॉप्टरही हव्या त्या वेगाने जाईल, असे त्यांनी लिहिले.

चार दिवसांनी पोस्टकार्ड आले. ओळी पट्टीने आखलेल्या होत्या. मजकूर असा :

‘इंजिन कितीही मोठे बसवा. हेलिकॉप्टर पुढे पळू लागले की एका बाजूचे पाते वाऱ्याच्या अंगावर जाते आणि दुसऱ्या बाजूचे वाऱ्याबरोबर मागे येते. एका बाजूला उचल जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. पात्यांना सांधे ठेवून हे काही वेगापर्यंत सांभाळतात. त्यापुढे मागे येणारे पाते हवा धरत नाही. म्हणून दोन पंखे. एकाची कमजोर बाजू तिथे दुसऱ्याची जोरदार बाजू.’

खाली नाव, गिरणी आणि खाते. संपादकांनी ते जसेच्या तसे वाचकांच्या पत्रांत छापले.

त्याच दुपारी प्राध्यापक कार्यालयात आले. पत्र चुकीचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ते आवाज चढवत नसत.

“माझे विद्यार्थी या सदराची कात्रणं काढून ठेवतात,” ते म्हणाले. “उद्या गिरणीतला कुणीही उठून लिहील आणि तुम्ही छापाल. पत्रातला मजकूर अशास्त्रीय होता, असा खुलासा द्या.”

संपादकांनी फिटरला निरोप धाडला. पाळी सुटल्यावर तो आला, पायजम्यावर कापसाची लव तशीच होती. घरी तेलुगू बोलणारा, पूर्व भागात राहणारा, पस्तिशीचा माणूस. मागाची दुरुस्ती हे त्याचे काम. इंग्रजी तो वाचनालयातल्या मासिकांतून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचत असे.

“खुलासा नावासकट छापणार काय, साहेब?” त्याने विचारले.

“पत्र नावासकट छापलंय. खुलासाही तसाच,” संपादक म्हणाले.

तो म्हणाला, “माझ्या हाताखाली चार पोरं हायत. मी म्हणतो म्हणून मागाचा नट फिरवतात. पेपरात चुकला म्हणून आलं की उद्यापासून प्रत्येक नटाला विचारतील, नक्की का? मग काम कसं करायचं? एक रविवार द्या. करून दाखवतो. नाही जमलं तर छापा.”

प्राध्यापकांनी हे मान्य केले. ठरले ते असे : प्रयोग फसला तर सोमवारच्या अंकात खुलासा.

रविवारी तो सायकलच्या कॅरिअरला पोते बांधून आला. जिन्यातच फोरमनने त्याला गाठले.

“काय ओ हेलिकॉप्टर, सायकलवर? उडत का नाही आला?”

“तुमच्या गच्चीवर जागा नव्हती की मामा. तुमचे लंगोट वाळत होते.”

पोत्यातून निघालेली वस्तू साधी होती. लाकडी घोडीवर एक चौकट झोक्यासारखी टांगलेली. ती फक्त डाव्या-उजव्या बाजूला कलू शकत होती, पुढेमागे नाही. चौकटीत शिलाई मशीनची लहान मोटर, तिच्यावर गिरणीच्या भंगारातली दातेरी चाके, आणि एकात एक फिरणारे दोन दांडे. पाती डब्याच्या पत्र्याची, वीतभर लांब, पीळ दिलेली. समोर त्याने आमच्या कार्यालयातला उभा फॅन ठेवला. हेलिकॉप्टर पुढे जाते तेव्हा वारा समोरून येतो. इथे यंत्र जागेवर राहणार आणि वारा फॅन देणार.

पहिल्यांदा त्याने एकच पंखा लावला आणि फॅन बंद ठेवला. पंखा फिरला, चौकट सरळ राहिली. मग फॅन सुरू केला. चौकट डावीकडे कलली आणि तशीच राहिली. प्राध्यापक खाली वाकून बराच वेळ पाहत होते.

“कलतं हे खरं,” ते म्हणाले. “आता दुसरा पंखा लावा.”

फिटरने दुसरा पंखा बाहेरच्या दांड्यावर, पहिल्याच्या खाली बसवला. दोन्ही पंखे उलट दिशांना फिरू लागले. फॅन सुरू झाला. चौकट डावीकडे गेली, पहिल्यापेक्षा जोरात, आणि घोडीवर आपटली.

मोटर बंद केली. प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. संपादकांनी माझ्याकडे पाहिले. खुलाशाचा मजकूर मी आदल्या दिवशी लिहून ठेवला होता आणि ते त्यांना माहीत होते.

फिटर खाली बसला. खिशातून सुताचा तुकडा काढून त्याने तो काडीला बांधला, मोटर पुन्हा चालू केली आणि काडी आधी वरच्या पंख्याखाली, मग खालच्या पंख्याखाली धरली. वरच्या पंख्याखाली सूत खाली ताणले गेले. खालच्या पंख्याखाली ते वर ओढले गेले.

त्याने कपाळावर हात मारला. “दोन्ही पंखे एकाच फर्म्यावर कापले. दोन्ही उजवे. उलट फिरवला की दुसरा हवा वर फेकतो.”

“मग उलथा करून बसव की,” फोरमन म्हणाला.

“उलथा केला तरी उजवा तो उजवाच, मामा. स्क्रू उलटा धरला म्हणून आटे बदलतात काय?”

गिरणीत माग जोडीने मांडलेले असत, एक उजव्या हाताचा, एक डाव्या हाताचा, म्हणजे एका विणकराला मधे उभे राहून दोन्ही सांभाळता येत. डाव्या मागाला उजव्या मागाचा भाग चालत नाही. नव्या पोरांना फिटर पहिल्या दिवशी शिकवतो ते हेच, असे त्याने आम्हाला सांगितले. “माझ्या पोरांनी बघितलं असतं तर जेवू दिलं नसतं.”

त्याने खालचा पंखा काढला. पकडीने एकेक पाते धरून आधीचा पीळ उलगडला आणि उलट्या बाजूला दिला. दोन्ही पाती सारखी आली की नाही ते डोळ्यांनी पाहिले, मग पट्टी लावून पाहिले. एक पाते पुन्हा वाकवले. घाई केली नाही. इतका वेळ प्राध्यापक उभेच होते. मधे एकदा त्यांनी न मागता घोडी धरून ठेवली.

पंखा बसला. सूत दोन्ही ठिकाणी खाली ताणले गेले. फॅन सुरू झाला. चौकट थरथरली आणि सरळ राहिली. फिटरने फॅनचा वेग वाढवला. ती सरळच राहिली. प्राध्यापकांनी बोटाने तिला एका बाजूला ढकलले. कलून राहण्याऐवजी ती हलकेच परत आली.

“परत एकदा. आधी एक पंखा,” प्राध्यापक म्हणाले. एका पंख्यावर चौकट कलली. दोन पंख्यांवर उभी राहिली. असे तीनदा झाले.

“हा पत्रा कुठल्या डब्याचा?” प्राध्यापकांनी विचारले.

“तुपाच्या, सर.”

“पुढच्या आठवड्यात हे कॉलेजात आणाल?”

“रविवार असंल तर आणतो की. बाकीचे दिवस पाळी हाय.”

सोमवारच्या अंकात खुलासा आला नाही. प्राध्यापकांच्या पुढच्या सदराची सुरुवात दुरुस्तीने झाली. आधीच्या लेखातले विधान चुकीचे होते, असे त्यांनी स्वतः लिहिले होते. त्याखाली फिटरचे नाव, गिरणी आणि खाते होते.