काठोकाठ भरलेला प्याला

पाहुण्याला वाटेला लावायचं असेल तर आत-बाशीच्या खोऱ्यात कोणी 'निघा आता' असं तोंडाने म्हणत नाही. त्याचा प्याला काठोकाठ भरून पुढे करतात. ज्याने बसावं असं मनापासून वाटतं, त्याला घोटभरच चहा द्यायचा. तो संपला की पुन्हा घोटभर, मग पुन्हा. ओतणारीचा हात भरून येतो, पण पाहुण्याला कळतं की आपण हवे आहोत. भरलेल्या प्याल्याचा अर्थ एवढाच, की पी आणि चालू लाग. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून साल्किनायसारख्या जाणत्या सुनेच्या हातून ते व्हावं, तेही नवऱ्याच्या सख्ख्या मामाच्या बाबतीत, याचं नवल गावातल्या बायकांना अजून सरलेलं नाही. सरू नये अशीच त्यांची इच्छा दिसते.

साल्किनाय गावच्या शाळेत गणित शिकवते. शाळेतला बंद पडलेला प्रिंटर तिने एकदा चालू करून दाखवला, आणि त्याची शिक्षा म्हणून मुख्याध्यापकांनी संगणकाचा विषयही तिच्याच गळ्यात मारला. आदल्या दिवशी पुस्तकात पाहायचं आणि दुसऱ्या दिवशी मुलांना सांगायचं, हे तिला पटेना. शेवटी तिने बिश्केकच्या एका विद्यापीठात नाव घातलं. शिक्षणातलं तंत्रज्ञान हा विषय, पदव्युत्तर पदवी, तास संध्याकाळी इंटरनेटवर. दिवसा फळ्यापुढे उभं राहायचं आणि संध्याकाळी पडद्यापुढे बसायचं. मधल्या फटीत दोन गाई, दोन मुलं, नवरा कुबान आणि सासू. प्राध्यापक बोलत असत आणि ती कणीक मळत असे. एकदा कॅमेरा बंद करायचा राहिला आणि साऱ्या वर्गाने तिला गाईची धार काढताना पाहिलं. पुढे कित्येक दिवस लोक अभ्यासाआधी गाईची खुशाली विचारत.

सासू बुर्माकान अपा. बाई करारी, पण मनाने वाईट नाही. शेजारणी टोचून बोलत ते मात्र तिला लागे. 'तुझी सून दिवसा शिकवते आणि रात्री शिकते, मग घर कोण करतं गं?' असं कोणी म्हटलं की अपा घरी येऊन भांडी आपटायची. पहिलं वर्ष असंच गेलं. दुसऱ्या वर्षी तिने सुनेला समोर बसवून सांगितलं, "हे शेवटचं. यापुढे 'अजून एकच वर्ष' म्हणालीस, तर तो तुझा संगणकाचा डबा मी चुलीत घालीन."

"नाही म्हणणार, अपा," साल्किनाय म्हणाली, आणि तिने शब्द दिला तो दिलाच.

राहिली होती फक्त शेवटची तोंडी परीक्षा. ती आधी एकदा ठरली, तेव्हा नेमकी वीज गेली. आता शनिवारी सकाळी अकराची वेळ मिळाली होती. ही चुकली तर पुढची संधी पुढच्या वर्षी, आणि पुढचं वर्ष तर तिने सासूला देऊन टाकलं होतं. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

तयारीत तिने कसूर ठेवली नव्हती. बैठकीच्या खोलीत वर्दळ असते म्हणून धान्याच्या खोलीत पिठाच्या पेटीवर लॅपटॉप मांडला. मागे पोती आणि आढ्याला टांगलेली घोड्याच्या मांसाची कांडी दिसू नयेत म्हणून लग्नात आलेला शिर्दाक, म्हणजे नमद्याचा नक्षीदार गालिचा, भिंतीवर लावला. पहाटे धारा काढल्या, कणकेचे बोरसोक तळून ठेवले, मुलांना माहेरी धाडलं. कुबान आपली प्रवासी गाडी घेऊन नारीनच्या फेरीला गेला. घरात अपा आणि ती. सगळं कसं आखल्यासारखं.

दहाच्या सुमारास कुत्रा भुंकला. अंगणात गाडी थांबली आणि तिच्यातून कोचकोरचे सागिनबाय उतरले, अपाचे थोरले भाऊ. डोक्यावर उंच पांढरा कल्पाक, हातात काठी. कुठल्याशा लग्नाहून परतताना बहिणीचं दार वाटेत लागलं होतं. न सांगता आलेला पाहुणा देवाने धाडलेला असतो. त्याला कोण काय बोलणार? गाडी पाहून शेजारची सोनुन एजेही विचारपूस करायला आली, आणि जिथे चहा तिथे सोनुन एजे बसणारच.

साल्किनायने सासूकडे पाहिलं. सासूने नजर चुकवली. त्यालाही कारण होतं. कुबानच्या लग्नात याच भावाने भर मांडवात म्हटलं होतं, 'शिकलेली सून आणतेयस खरी, पण पुस्तकाला दूध येत नाही हो.' त्या दिवसापासून अपाने सुनेची नोकरी त्यांच्यापुढे कधी फारशी काढली नाही, आणि हा नवा अभ्यास तर कानावरसुद्धा घातला नव्हता. सुनेने आपण होऊन मामांपुढे 'माझं काम आहे, मी उठते' म्हणणं तर आमच्याकडे होतच नाही. थोरल्यांनी ओंजळ उघडून आशीर्वाद म्हटल्याशिवाय जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावरून सून हलत नाही. चहाच्या समोवारपाशी बसायचं आणि ओतत राहायचं.

ती ओतत राहिली.

सागिनबायांनी हरवलेल्या घोड्याची गोष्ट काढली. ही गोष्ट ते दर भेटीत सांगतात आणि घोड्याच्या आजीपासून सुरू करतात. आजीचा रंग झाला, आजीची चाल झाली. भिंतीवरचं घड्याळ नेमकं त्यांच्या कल्पाकाच्या वर होतं. मामांकडे आदराने पाहावं तर काटा दिसे. साडेदहा झाले. घोड्याची आईसुद्धा अजून जन्मली नव्हती.

"सूनबाई फार मन लावून ऐकतेय," सोनुन एजे म्हणाली. "बघा ना, डोळे कसे तुमच्या डोक्यावर खिळलेत."

"ऐकू दे की," मामा खूश होऊन म्हणाले. "आजकालच्या पोरींना घोड्यातलं काय कळतं?"

पावणेअकरा झाले, मग अकराही वाजले. साल्किनायच्या डोक्यात उत्तरांचं दळण चालू होतं. पहिला प्रश्न हा येईल, त्यावर आपण हे म्हणायचं. हात आपोआप चालत होते. आता हात आपोआप चालले की ते कोणता चहा ओततात? इतकी वर्षं या घरात साल्किनायने स्वतःचा प्याला नेहमी काठोकाठ भरला होता. तिला पुन्हा ओतून देणारं कोणी नव्हतं, आणि पुन्हापुन्हा घेत बसायला वेळ नव्हता. सगळ्यांचं झाल्यावर एकदाच भरायचा, उभ्याउभ्या घशाखाली घालायचा आणि कामाला लागायचं. डोकं धान्याच्या खोलीत गेलेलं असताना हाताने तेच केलं. प्याला भरला, आणि दोन्ही हातांनी अदबीने सागिनबायांपुढे धरला.

मामांनी प्याला घेतला. चार थेंब त्यांच्या बोटांवर सांडले. घोड्याची आई अर्ध्या वाक्यात थांबली. सोनुन एजेचं चावणं थांबलं, आणि ते सहसा थांबत नाही.

साल्किनायने प्याल्याकडे पाहिलं आणि आपण काय केलं ते तिला कळलं. काय सांगणार? हात चुकला? असा हात तर आंधळीचाही चुकत नाही.

"हं," मामा म्हणाले. त्यांनी प्याला जपून दस्तरखानावर ठेवला, घोटही न घेता, आणि काठी चाचपली. "उन्हं वर आलीच आहेत. निघायलाच हवं होतं म्हणा."

"बायके, बसा," अपा थोरल्या भावाला म्हणाली. "सुनेची चूक नाही. माझी आहे. तिची आज परीक्षा आहे. बिश्केकचे मोठे लोक तिकडे तिची वाट बघत बसलेत, आणि मी तिला इथे समोवारपाशी बांधून ठेवलंय. दोन वर्षं शिकतेय ती. तुम्ही हसाल म्हणून मी तुम्हाला सांगितलं नाही."

अपाने वाकून सुनेच्या हातातली किटली काढून घेतली. घरात सून असताना सासूने चहा ओतायचा, तोही सोनुन एजेच्या देखत. उद्या ही गोष्ट पाणवठ्यावर पोचणार हे अपाला पक्कं माहीत होतं.

"ऊठ," ती म्हणाली. "आता माझ्या तोंडाकडे काय बघतेस? पळ."

साल्किनाय पळाली.

धान्याच्या खोलीत श्वास दिसेल इतकी थंडी. तिने कोट चढवला, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि लॅपटॉप उघडला. पडद्यावर तीन परीक्षक टाय आवळून बसले होते. पाच-दहा मिनिटं उशीर झाला होता. "माफ करा, पाहुणे आले होते," ती म्हणाली, आणि तिघांनीही मान डोलावली. पाहुणे म्हटल्यावर पुढे विचारायचं काय?

तिचं काम उन्हाळ्यात जैलूवर जाणाऱ्या मुलांसाठी होतं. वसंतात कळप वरच्या कुरणांवर निघाले की वर्ग अर्धा रिकामा होतो आणि ही मुलं शरदात गणित विसरून परत येतात. फोनमध्ये आधीच भरून नेता येतील असे धडे तिने तयार केले होते. रेंज नसली तरी चालत. मूल कधी एखाद्या उंच धारेवर चढलं आणि रेंज मिळाली, की उत्तरं आपोआप शाळेत पोचत.

बोलता बोलता मागचा शिर्दाक एका कोपऱ्यातून सुटला आणि पोत्यांवर लोळला. कांडी उघडी पडली. कोणी हसलं नाही. एका परीक्षकाला मात्र भूक लागल्यासारखी दिसली.

एसेनकुलोव्ह नावाचे सगळ्यांत कडक परीक्षक चष्म्यावरून बघत म्हणाले, "सगळं ठीक. पण ही मुलं दिवसभर जनावरांमागे असणार. ती धडे करतील कशावरून?"

याचं उत्तर तिने घोकलं होतं. ते सुंदर उत्तर त्या क्षणी कुठे गेलं कोण जाणे.

"सगळी नाही करणार," ती म्हणाली. "मीसुद्धा सगळे धडे वेळेवर केले नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. गाय थांबत नाही, पाहुणे थांबत नाहीत. म्हणून यात घंटा ठेवली नाही. जिथे सुटलं तिथून पुढे सुरू होतं, चार दिवसांनी का होईना. उशीर झाला म्हणून मूल बाहेर पडत नाही, एवढंच मी पाहिलं."

एसेनकुलोव्ह काहीतरी लिहू लागले. तेवढ्यात मागे दार करकरलं. पडद्यावरचे तिन्ही चेहरे तिच्या खांद्यावरून पलीकडे बघू लागले, आणि मग तिघेही खुर्चीवरून अर्धवट उठले.

"अस्सलाम आलेकुम, आक्साकाल," तिघे थोरल्या माणसाला म्हणतात तसं म्हणाले.

"व आलेकुम," सागिनबाय म्हणाले. पेटीवर हात टेकून ते पडद्यापाशी वाकले. सगळ्या पडद्यावर कल्पाकच कल्पाक झाला. "म्हटलं बघून यावं, मला कोणासाठी हाकललं ते. तू, चष्मेवाला. कोणाचा तू?"

"जुमगालचा, आक्सा... आक्साकाल," एसेनकुलोव्ह चाचरले.

"जुमगालचे लोक चांगले असतात. माझी मावशी तिकडे दिलेली होती. झाली का हिची परीक्षा?"

"जवळजवळ झाली."

"मग हात वर करा."

आता थोरल्या माणसाने ओंजळ उघडल्यावर कोण हात खाली ठेवील? बिश्केकमधल्या त्या गरम खोलीत तिघांनी तळवे वर धरले. साल्किनायनेही धरले. "या पोरीची वाट मोकळी असो," मामा म्हणाले. "तिने शिकवलेली पोरं तिच्याहून शहाणी होवोत. जे ऐकायला बसलेत त्यांच्या घरी भाकर असो, भांडण नसो. ओमिइन." सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले.

पुढे एसेनकुलोव्हांनी फोनवर शपथेवर सांगितलं की गुण आशीर्वादाआधीच लिहून झाले होते. असतीलही. थोड्या वेळाने त्यांनी निकाल वाचला. उत्तम, आणि अभिनंदन. पडदा काळा झाला आणि साल्किनायचा जीव भांड्यात पडला. ती पिठाच्या पोत्यावर मटकन बसली आणि रडली. पोटभर, सुखाने, कोणी बघत नसताना रडतात तशी. मामा तोवर खोलीतून निघून गेले होते. म्हाताऱ्यालाही कुठे थांबू नये ते कळत होतं.

डोळे पुसून ती बैठकीत आली तेव्हा सागिनबाय पुन्हा वरच्या मानाच्या जागी बसले होते. तो भरलेला प्याला त्यांच्यापुढे तसाच होता, साय धरलेला.

"तायाके, मला माफ करा," ती मामांना म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं."

"प्याला संपला की पाहुण्याने जायचं असतं," मामा म्हणाले. "मी कुठे संपवलाय? दुसरा दे म्हटलं तुझ्या सासूला. हा असाच राहू दे. जेवूनच जाईन म्हणतो. घोड्याचंही अजून बरंच राहिलंय."

सोनुन एजे हसता हसता ठसकली. साल्किनाय सवयीने समोवारकडे वळली, तर तिची जागा रिकामी नव्हती. तिथे अपा बसली होती, किटली घेऊन.

"तिकडे बस," अपाने भावाच्या शेजारची गादी दाखवली.

"अपा, तुम्ही कशाला..."

"बस म्हणते ना."

ती बसली. तिथे या घरात ती कधी बसली नव्हती. अपाने एक प्याला धुतला, पुसला, दूध घातलं, चहा ओतला आणि दोन्ही हातांनी सुनेपुढे धरला. साल्किनायने तो घेतला आणि आत पाहिलं. चहा इतका थोडा होता की जेमतेम तळ झाकला होता.

तिने तो प्यायला आणि प्याला पुन्हा पुढे केला.