डोंगरावर दिसलेली होडी
सुक्या बोंबलांचा वास आला की अलिबागजवळचा तो धक्का आठवतो. माझ्या मैत्रिणीने तिथल्या तांडेलकाकांच्या होडीवर नकाशा आणि पाण्याची खोली दाखवणारं यंत्र बसवलं होतं. चालू केलं, तर नकाशात होडी डोंगरावर! "चरायला गेली काय?" काका हसले. मैत्रिणीने मात्र लगेच आपला प्रोग्राम उघडून तपासला. खोलीचा दशांशातला हिशेब तिने ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये केला होता. प्रोसेसरच्या ज्या जागेत नकाशाचा प्रोग्राम आपले दशांश आकडे ठेवत होता, तीच जागा हा हिशेब वापरत होता आणि त्यामुळे ते आकडे बिघडत होते. "उद्या होडी दर्यात न्यायची ना?" काकांनी विचारलं. "नका नेऊ, काका. चूक माझी आहे," ती म्हणाली. मग तिने कर्नलमधला खोलीचा हिशेब दशांश न वापरता पूर्ण सेंटिमीटरमध्ये केला, आणि नकाशातली होडी पाण्यात उतरली. तिच्याइतक्या चटकन 'नका, चूक माझी आहे' म्हणणं मला अजून जमत नाही.